दिसायला दोन्ही चांदण्याच, पण एकमेकींच्या कोणी नाहीत

पाचोळ्यात चांदणीसारखी उघडलेली बुरशी, मधे गोल पिशवी आणि भोवती पाकळ्या, ही अर्थस्टार. पिशवीवर पावसाचा थेंब पडला की वरच्या भोकातून बीजाणूंचा धूर निघतो. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मधे हिला सरळ पफबॉलमधे, म्हणजे गोल पिशवीसारख्या बुरश्यांमधे टाकलं होतं, पुढे 1794 मधे पेर्सून या बुरशीतज्ज्ञाने जिआस्ट्रम हा वेगळा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट केला आणि 1801 ला त्यात अजून एक चांदणी घातली, हायग्रोमेट्रिकम, जी ओल लागली की उघडते आणि सुकली की पाकळ्या परत पिशवीवर मिटून घेते. खरा घोळ इथूनच सुरू झाला.

1889 मधे अमेरिकेतल्या मॉर्गन या बुरशीतज्ज्ञाने ही दुसरी चांदणी बाहेर काढून अ‍ॅस्ट्रियस नावाचा जीनस केला. जिआस्ट्रमची कोवळी पिशवी उभी कापली तर मधे एक खांबासारखा भाग असतो, अ‍ॅस्ट्रियसमधे तो नसतो आणि बीजाणूही बरेच मोठे असतात. इतकं स्पष्ट असूनही काही जणांनी ते मानलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मॉर्गनने नुसत्या मायक्रोस्कोपवर बरोबर ओळखलं होतं. आणि मानलं त्यांनीही दोघींना ठेवलं गॅस्टेरोमायसीट्समधेच, म्हणजे बीजाणू पिशवीत बंद असलेल्या सगळ्या बुरश्या एकत्र.

तो गट मोडला डीएनएने. अ‍ॅस्ट्रियस निघाली बोलेटेल्समधली, म्हणजे पोर्चिनी मशरूमच्या नात्यातली, जिवंत झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगणारी, आणि जिआस्ट्रम गेली घाण वास मारणाऱ्या स्टिंकहॉर्न या बुरशीच्या शेजारी, कुजक्या पाचोळ्यावर जगणारी. 2006 च्या सुमारास तिच्यासाठी जिआस्ट्रेल्स ही स्वतंत्र ऑर्डरच, म्हणजे जीनसपेक्षा बराच मोठा गट केला. म्हणजे चांदणीचा आकार दोन वेगळ्या घराण्यांत आपापला तयार झालाय!

आपल्याकडे हे फक्त पुस्तकी नाही. बस्तरमधे पावसाच्या सुरुवातीला सालाच्या झाडांखाली मिळणारा बोडा आणि झारखंडची रुगडा म्हणजे अ‍ॅस्ट्रियसच, चांदणी उघडायच्या आधी, गोल आणि कोवळी असताना खातात आणि बाजारात चांगला भाव येतो. जुन्या लिखाणात सरसकट हायग्रोमेट्रिकस (वरचीच हायग्रोमेट्रिकम, अ‍ॅस्ट्रियसमधे आल्यावर बदललेलं नाव) लिहिलेलं असतं, पण थायलंडमधून 2004 ला ओडोरॅटस आणि 2007 ला एशियाटिकस अशा वेगळ्या जाती नोंदल्या गेल्यात, त्यामुळे आशियातल्या नमुन्यांवरचं जुनं लेबल परत तपासायलाच हवं.