पोत्यांच्या जागी शेतकऱ्याचं नाव: शेलमधल्या 'विचारत राहा' लूपची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या ऐन हंगामात, एका आडत दुकानाला मी छोटीशी शेल स्क्रिप्ट लिहून दिली होती (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, स्क्रिप्ट म्हणजे अशा कमांडची फाइल). फाइलीत शेतकऱ्यांची यादी. व्हाइल लूपनं, म्हणजे अट टिकेपर्यंत तेच काम परत परत करणाऱ्या तुकड्यानं, एकेक नाव उचलायचं, 'पोती किती?' विचारायचं, दिवाणजींनी आकडा टाकायचा की पुढचं नाव. चालवली, तर एकाही प्रश्नापाशी न थांबता क्षणात संपली. पहिल्या शेतकऱ्याच्या पोत्यांच्या जागी दुसऱ्याचं नाव, तिसऱ्याच्या जागी चौथ्याचं! दिवाणजींचं मत पडलं की संगणकानं हळद सोडून माणसंच तोलायला घेतली.

चूक माझी होती. लूपला यादीची फाइल जोडलेली, त्यामुळे ओळ वाचून घेणारा आतला रीडसुद्धा कीबोर्डाकडे न बघता त्याच यादीतली पुढची ओळ उचलत होता. पण ही चूक माझ्यापेक्षा जुनी आहे. तिचं मूळ पार १९७१ पर्यंत जातं.

त्या वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा पहिला शेल लिहिला. त्यात लूप नव्हताच. इफ (अट) आणि गोटू (ठरलेल्या जागी उडी) होते, पण शेलच्या पोटात नाही; बाहेरचे वेगळे प्रोग्राम म्हणून. गोटूची युक्ती मोठी मजेशीर होती. शेल स्क्रिप्टची फाइल स्वतःच्या स्टँडर्ड इनपुटवर, म्हणजे एरवी कीबोर्ड जोडलेल्या शून्य क्रमांकाच्या वाटेवर, उघडायचा. गोटूलाही तेच इनपुट मिळायचं. तो फाइलीत लेबल (खुणेची ओळ) शोधायचा आणि वाचनाची जागा तिथं सरकवून ठेवायचा. शेल परत वाचू लागला की आपोआप तिथूनच पुढे जायचा. हुशारी खरी, पण किंमत अशी की स्क्रिप्टमधल्या एखाद्या कमांडनं माणसाचं उत्तर म्हणून स्टँडर्ड इनपुट वाचलं, तर तिच्या हाती स्क्रिप्टच्याच पुढच्या ओळी लागायच्या. कार्यक्रम आणि उत्तर, दोघांना दार एकच.

मधल्या काळात जॉन मॅशी यांनी बेल लॅब्जमध्येच त्या शेलला व्हेरिएबल्स (मूल्य साठवायची नावं) आणि व्हाइल देऊन बराच पुढे नेला. दार मात्र नीट वेगळं झालं ते स्टीफन बॉर्न यांच्या शेलमध्ये. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत तो बाहेर पडला. स्क्रिप्ट वेगळ्या क्रमांकावर उघडायची आणि शून्य माणसासाठी मोकळा ठेवायचा, ही त्याची रचना. जोडीला फॉर, व्हाइल, अंटिल आणि अंगभूत रीड. बॉर्न अल्गोल ६८ या प्रोग्रामिंग भाषेचे भक्त, म्हणून इफचा शेवट उलट्या फायनं आणि केसचा इसॅकनं. डू उलटं केलं तर ओडी होतं, पण त्या नावाची कमांड आधीच होती. म्हणून तिथं डन आलं.

'विचारत राहा' लूपच्या दृष्टीनं बॉर्न यांच्या रीडची खरी देणगी त्याचा निकाल. ओळ मिळाली तर यश, इनपुट संपलं तर अपयश. व्हाइलला तेवढंच कळावं लागतं.

प्रश्न छापणं मात्र रखडलं. कर्सर प्रश्नाच्याच ओळीवर राहावा म्हणून सातव्या आवृत्तीच्या घराण्यात मजकूर छापणाऱ्या इको कमांडला हायफन एन लागायचा, सिस्टीम व्ही या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यात शेवटी बॅकस्लॅश सी. हा गोंधळ इतका वाढला की आजही जाणकार सरळ प्रिंटएफ ही दुसरी कमांड वापरा म्हणतात. डेव्हिड कॉर्न यांच्या १९८३ मध्ये जाहीर झालेल्या शेलच्या घराण्यानं व्हेरिएबलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून लगेच प्रश्न लिहायची सोय केली आणि सिलेक्ट हा खास लूपही दिला. पर्यायांची यादी छापायची, क्रमांक विचारायचा, नुसतं एंटर दाबलं तर यादी परत दाखवायची, हे सगळं तो एकटा करतो. मला तो फार आवडतो. लोक का विसरतात कळत नाही.

ब्रायन फॉक्स यांचा बॅश हा शेल १९८९ मध्ये आला. बॅशमध्ये रीडचा हायफन पी म्हणजे प्रश्न. कॉर्न शेलमध्ये तेच अक्षर शेजारी चालणाऱ्या प्रक्रियेकडून वाचण्यासाठी आधीच राखलेलं. झेडशेल हा आणखी एक शेल कॉर्नच्या वाटेनं गेला. २०१९ पासून मॅकवर तोच मूळ शेल झाला आणि बॅशमध्ये तयार झालेल्या कित्येक ओळी मॅकच्या टर्मिनलवर टाकल्या की 'कोप्रोसेस (शेजारची प्रक्रिया) नाही' म्हणून अडू लागल्या. पॉझिक्स या युनिक्ससाठीच्या प्रमाणकातल्या रीडमध्ये हायफन पी नाहीच.

यार्डातली स्क्रिप्ट मी बॉर्न यांच्याच रीतीनं दुरुस्त केली: यादी तीन क्रमांकावर उघडली, बाहेरच्या रीडला तिथून वाचायला लावलं, शून्य दिवाणजींसाठी मोकळा ठेवला. दोन दिवस छान चाललं. मग घरी जायच्या घाईत त्यांनी कंट्रोल-डी, म्हणजे 'इनपुट संपलं' असं सांगणारी कळ, दाबलं. 'आकडाच टाका' म्हणून विचारत राहणाऱ्या आतल्या लूपमध्ये रीडचा निकाल मी तपासलाच नव्हता. सकाळी लूप तेच वाक्य पुन्हा विचारून तसाच ताटकळत बसलेला होता. रीडपुढे 'किंवा एक्झिट' एवढं जोडलं, आणि चहा माझ्याकडून झाला.