दोन प्रश्न, आणि तिसरा

‘ॲप म्हणतंय मला डिप्रेशन आहे!’ फॉरवर्ड होऊन आलेली चाचणी सोडवून एका मित्राने परवा हे जाहीर केलं. ॲपने फार तर त्याला चाळणीत, म्हणजे प्राथमिक तपासणीत, अडकवलं होतं. निदान ही पुढची गोष्ट.

चाळणी कशी असावी? ऑकलंड विद्यापीठाच्या फेलिसिटी गुडइयर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ‘ईचॅट’ बनवलं. फॅमिली डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत पेशंटने टॅबवर उत्तरं द्यायची: सिगारेट, दारू, जुगार, उदासी, चिंता, राग, छळ, व्यायाम. ‘नाही’ म्हटलं की तो विषय संपतो. ‘हो’ म्हटलं की खोलातले प्रश्न उघडतात. डॉक्टरांसमोर जीभ अडते, तिथे बोट टिचकी मारून मोकळं होतं.

पण खरी गंमत गणितात आहे. महिनाभरात उदास, हताश वाटलं का? कशातच रस उरला नाही, असं झालं का? एवढ्या दोन प्रश्नांनी नैराश्याचे ९७ टक्के रुग्ण सापडतात, असं डॉक्टर-संशोधक ब्रूस अॅरोल यांच्या गटाने न्यूझीलंडमध्येच २००३ साली दाखवलं. भारी ना? थांबा. नैराश्य नसलेल्यांपैकी ६७ टक्केच यातून नीट सुटले. समजा, १००० पेशंटांत ५० जणांना नैराश्य आहे. त्यांतले ४८ सापडले. उरलेल्या ९५० पैकी ३३ टक्के, म्हणजे ३१३ जण, उगाच अडकले. एकूण ३६१ जणांत खरे ४८, साडेसातांत एक! चाचणी तीच ठेवा आणि आजार आणखी दुर्मीळ करा, हे प्रमाण आणखी घसरेल.

२००५ साली याच गटाने तिसरा प्रश्न जोडला: ‘यासाठी मदत हवी आहे का?’ नैराश्य नसलेल्यांना नीट सोडण्याचं प्रमाण ८९ टक्क्यांवर गेलं आणि सापडण्याचं ९६ वर टिकलं. आपल्या हिशेबात उगाच अडकणारे ३१३ वरून १०५ वर आले. अल्गोरिदम वगैरे काही नाही, नुसतं विचारलं!

सेल्फी बघून मन ओळखणारं ॲप कुणी दाखवलं किंवा पत्रिकेतला चंद्र, तर मी एकच विचारतो: शंभरात किती चुकता?

ईचॅटमध्ये मदतीच्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत: नको, हो, आणि ‘हो, पण आज नको’. शेवटचं माझं आवडतं. गुडघा दुखतोय म्हणून आलेल्या माणसाचा आधी गुडघा बघता येतो.