कवकांद्वारे प्रदूषण निवारण

प्रदूषित माती आणि सांडपाण्यातील घातक द्रव्ये कवकांच्या (बुरशी, अळंबी इ.) साहाय्याने मोडण्याची किंवा शोषून घेण्याची पद्धत. जिवाणूंकडून सांडपाणी शुद्ध करून घेणे जुनेच आहे; कवकांकडे संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने १९८०च्या दशकात वळले, आणि तेही लाकूड कसे कुजते याचा शोध घेताना.

लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन हे अत्यंत चिवट बहुवारिक (पॉलिमर) आहे. त्याची रचना अनियमित असल्याने एकाच प्रकारचा बंध तोडणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) तेथे काही चालत नाही. ‘श्वेत कूज’ (लिग्निन मोडून लाकूड पांढुरके करणारी कूज) घडवणारी कवके म्हणून वेगळा मार्ग धरतात. ती आपल्या तंतूंबाहेर लिग्निन पेरॉक्सिडेज, मँगॅनीज पेरॉक्सिडेज, लॅकेज अशी विकरे सोडतात. ही विकरे समोरच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि अस्थिर झालेला रेणू पुढे आपोआप फुटत जातो. तो लिग्निनचाच असावा लागतो असे नाही. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या कवकात १९८३ मध्ये लिग्निन पेरॉक्सिडेज सापडले. हेच कवक डीडीटी व लिंडेन (कीटकनाशके), पीसीबी (क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायने) आणि बेंझोपायरीन (धूर व डांबरातील घातक संयुग) यांचेही काही अंशी कार्बन डायऑक्साइडपर्यंत विघटन करते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवले.

‘विष खाणारी बुरशी’ हे वर्तमानपत्री वर्णन मात्र फसवे आहे. या कवकांचे पोट भरते ते लाकूड, काड किंवा भुशावर. प्रदूषक जाताजाता मोडला जातो. त्यामुळे नुसत्या मातीत बुरशी टाकून भागत नाही, तिला खाऊही घालावे लागते. तेल सांडलेल्या जमिनीसाठी बहुधा धिंगरी अळंबी वापरतात. गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा भिजवून, उकळून किंवा वाफवून घेतात आणि निवल्यावर त्यात अळंबीचे बियाणे (स्पॉन) मिसळतात. पांढरे कवकजाल काडभर पसरले की ते काड दूषित मातीत कालवून बुटके, भुसभुशीत ढीग रचतात. ढिगात हवा खेळती हवी आणि ओलावा टिकायला हवा. मातीतले मूळचे जिवाणू व इतर बुरशा पाहुण्या कवकाला सहसा जुमानत नाहीत. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली कवके शिवारात हरतात ती बहुतेक वेळा येथेच.

पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राला जवळचे उदाहरण मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्यांचे आहे. एक लिटर मद्यार्कामागे साधारण ८ ते १५ लिटर ‘स्पेंट वॉश’ (मद्यार्क काढून उरलेले सांडपाणी) निघतो. बायोगॅस संयंत्रातून गेल्यावर त्यातला सेंद्रिय भार बराच उतरतो, पण गडद तपकिरी रंग जात नाही. हा रंग मुख्यतः मेलॅनॉइडिनांचा, म्हणजे शर्करा आणि अमिनो संयुगांच्या अभिक्रियेतून बनलेल्या द्रव्यांचा. जिवाणूंना ती सहज पचत नाहीत. गोव्यातील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार व सहकाऱ्यांनी यासाठी कुजक्या समुद्री गवतावरून मिळवलेले फ्लॅव्होडॉन फ्लॅव्हस हे कवक वापरले. प्रयोगशाळेत त्याने आठ दिवसांत स्पेंट वॉशचा सुमारे ८० टक्के रंग घालवला. पॉलियुरेथेन फोमच्या तुकड्यांवर वाढवलेल्या या कवकाने पाण्याची विषारीताही कमी केली. समुद्रातून आलेले असल्याने ते खारटपणाला दबत नाही. क्षारयुक्त औद्योगिक सांडपाण्यासाठी हा गुण मोलाचा आहे. कापड उद्योगातील रंगांवरही श्वेत कूज कवके प्रभावी ठरतात.

जड धातूंची गोष्ट वेगळी. शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये असल्याने त्यांचे विघटन होतच नाही. कवकाची पेशीभित्ती त्यांना धरून ठेवते किंवा ती फळकायेत, म्हणजे अळंबीच्या छत्रीत, साठतात. उपचारानंतर ढिगावर भरघोस अळंबी उगवली तरी तिची भाजी करायची नसते. ती धातुयुक्त कचरा समजून सुरक्षितपणे काढून टाकावी लागते.

विघटन अर्धवट राहिले तर मधल्या टप्प्यावरची काही संयुगे मूळ प्रदूषकाहून घातक ठरू शकतात. बहुवलयी हायड्रोकार्बनांपासून बनणारी क्विनोने त्यांपैकीच. म्हणून मूळ रसायन किती घटले एवढेच मोजून थांबत नाहीत. उपचारित मातीत बी रुजते का, गांडुळे जगतात का, हेही तपासतात.