बॉयकॉट करणे

बॉयकॉट करणे म्हणजे एखाद्या माणसाशी, दुकानाशी किंवा देशाशी ठरवून व्यवहार तोडणं. हे इंग्रजी क्रियापद एका माणसाच्या आडनावावरून आलंय. क्रिकेटवाल्यांना इंग्लंडचा ओपनर जेफ्री बॉयकॉट आठवेल, पण शब्द तो जन्मायच्या साठ वर्षं आधीचा.

मूळ माणूस चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–१८९७). आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनींचा हा एजंट, थोडक्यात खंडवसुली करणारा कारभारी. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० च्या वर जाईना, आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून हुसकावायच्या नोटिसा काढल्या. त्याच्या दोन-तीन दिवस आधीच, १९ सप्टेंबरला, लँड लीग या कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा पुढारी पार्नेल एनिस गावच्या सभेत सांगून गेला होता की दुसऱ्याला हुसकावून रिकामी केलेली जमीन जो घेईल त्याला कुष्ठरोग्यासारखं एकटं पाडा. लोकांनी तोच उपाय एजंटवर वापरला. मजूर शेतातून निघून गेले, लोहार घोड्याला नाल ठोकेना, धोबीण कपडे धुवेना, टपालाची पिशवी नेणाऱ्या बारा वर्षांच्या पोरालासुद्धा दमदाटी झाली. शेवटी बटाटे न् सलगम काढायला उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक आणले आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य-पोलीस मिळून हजाराच्या आसपास. पीक सुमारे ५०० पौंडांचं, खर्च १०,००० च्या घरात सांगतात.

शब्द नेमका कोणी काढला यावर मात्र वाद आहे. अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथची हकिकत अशी, की तो स्थानिक धर्मगुरू फादर जॉन ओ'मॅलीबरोबर जेवत होता आणि एका शब्दापाशी अडला, 'ऑस्ट्रसाइझ' (वाळीत टाकणं) हा ग्रीक वळणाचा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही असं फादर म्हणाले, आणि थोडा विचार करून त्यांनीच 'बॉयकॉट करणं' सुचवलं. दुसरं मत असं की शब्द आधीच लोकांच्या तोंडी होता, या दोघांनी तो फक्त छापात नेला. रेडपाथ आपल्याच बातमीदारीचं श्रेय सांगतोय हे धरूनही पहिली हकिकत जास्त पटते, कारण ती फादरचं श्रेय फादरलाच देते. नोव्हेंबर १८८० मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये शब्द दिसतो, आणि मग फ्रेंच, जर्मन, डच, रशियन सगळ्यांनी तो उचलला.

कृती अर्थातच जुनी. १७९१ पासून ब्रिटनमध्ये गुलामांच्या श्रमावरची साखर लोकांनी सोडली होती, तेव्हा हा शब्दच नव्हता.

मराठीत १९०५ च्या स्वदेशी चळवळीत 'बहिष्कार' हाच याला प्रतिशब्द म्हणून रुळला, आणि तिथे थोडा घोळ झालाय. मेयोत कुळांनी मालकाच्या माणसाला एकटं पाडलं, तर आपल्याकडे वाळीत टाकणं बहुतेक वेळा वरून खाली होतं, पंचांकडून एखाद्या कुटुंबावर. दोन्हीला शब्द एकच. जातपंचायतींच्या मनमानीला आळा घालायला महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याच्या इंग्रजी नावातही 'सोशल बॉयकॉट' असंच आहे.