वाहतूक नियोजन हा विषय आपल्या विद्यापीठांत कसा आला

बी.ई. सिव्हिल झालेली मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. वाहतुकीत संशोधन करायचं, पुढे प्राध्यापकी करायची, तर नेमकं कुठल्या विभागात जायचं? उत्तर सरळ नाही. पवईच्या आयआयटीत हा विषय स्थापत्य अभियांत्रिकीत आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये तो शहर नियोजनाच्या शेजारी बसतो. आणि पुण्यात भोसरीजवळ सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्स्पोर्ट आहे, तिथे देशभरातल्या एसटी महामंडळांचे अधिकारी प्रशिक्षणाला येतात. एकाच विषयाची तीन घरं का झाली, हे समजून घ्यायचं तर जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि सुरुवात एका मराठी माणसापासून करावी लागते.

1927 साली सरकारने रस्त्यांच्या स्थितीचा विचार करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाने आहे तेच हे. मोटारी वाढत होत्या आणि खडीचे रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडत होते. रस्त्यांचा खर्च मात्र प्रांतांवर आणि स्थानिक संस्थांवर पडत होता. 1928च्या अहवालात समितीने म्हटलं, की रस्ता ही साऱ्या देशाची गरज आहे, त्यामुळे पेट्रोलवर जादा कर लावून निधी उभा करा. पाठोपाठ गॅलनमागे दोन आणे कर लागला आणि 1929मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी सुरू झाला. अभियंत्यांनी एकत्र बसून विचार करावा म्हणून एक तांत्रिक संस्था हवी, अशीही शिफारस होती. त्यातून 1934मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. तिसरी शिफारस होती रस्त्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेची. ती प्रत्यक्षात यायला स्वातंत्र्य मिळावं लागलं. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, सीआरआरआय, 1952 साली सुरू झाली.

मधल्या काळात, डिसेंबर 1943मध्ये, नागपूरला देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिथे वीस वर्षांचा जो आराखडा ठरला त्याला आजही ‘नागपूर प्लॅन’ म्हणतात आणि सिव्हिलच्या परीक्षेत त्यावर प्रश्न येतोच. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही आपल्या तोंडी बसलेली वर्गवारी तिथली. शेतीचा विकास झालेल्या भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर नसावं, हा निकषही तिथलाच.

या साऱ्यात विचार चालला होता तो रस्त्याचा: किती लांबी, किती रुंदी, खाली माती कुठली, वर थर किती. रस्त्यावरून कोण जातो, कशासाठी जातो, त्याला जायला दुसरा मार्ग आहे का, हे प्रश्न अजून कुणाच्या टेबलावर आले नव्हते. त्या काळासाठी ते योग्यच होतं, कारण जायला रस्ताच नव्हता. पण त्यामुळे विषयाचं पहिलं घर ठरून गेलं. ‘हायवे इंजिनिअरिंग’ हा स्थापत्यातला एक पेपर, आणि वाहतूक त्याच्या शेवटच्या प्रकरणात. प्राध्यापकही तसेच घडले. मूळ अभ्यास डांबराचा किंवा मातीचा, आणि वाहतूक गरजेपोटी शिकवायची, असं अनेकांच्या वाट्याला आलं.

प्रवास करणारा माणूस अभ्यासात आला तो अमेरिकेतून. 1950च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोमध्ये मोठे वाहतूक अभ्यास झाले. घरोघर जाऊन कोण कुठून कुठे जातो ते विचारायचं, शहराचे विभाग पाडायचे आणि गणित चार पायऱ्यांत मांडायचं: किती प्रवास निर्माण होतात, ते कुठून कुठे जातात, कोणत्या साधनाने जातात आणि कोणत्या रस्त्याने जातात. ही चार पायऱ्यांची पद्धत आजही आपल्याकडच्या वाहतुकीच्या एम.टेक.च्या अभ्यासक्रमात आहे. तिच्यातल्या तिसऱ्या पायरीवर, म्हणजे माणूस साधन कसं निवडतो यावर, डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाने काम केलं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट ही रेल्वे सुरू होण्याआधी अधिकृत अंदाज असा होता, की कामावर जाणारे 15 टक्के लोक ती वापरतील. मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी आकडा काढला 6.3 टक्के. प्रत्यक्षात निघाले 6.2. पुढे 2000 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वाहतूक ही फक्त अभियंत्यांची बाब नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्यासमोर नाही. आपल्याकडे मात्र अर्थशास्त्र किंवा भूगोल शिकलेल्या हुशार माणसाला आजही वाहतुकीच्या प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत ‘संबंधित शाखेची बी.ई. आवश्यक’ ही ओळ वाचून परत फिरावं लागतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही नवी पद्धत मुंबईत लवकरच आली. 1948 साली अभियंते एन. व्ही. मोडक आणि अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी मुंबईच्या विकासाची रूपरेषा मांडली होती, पण ती या पद्धतीच्या आधीची. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने शहराच्या वाहतुकीचा सविस्तर अभ्यास केला. पश्चिम किनाऱ्याने जाणाऱ्या जलदगती मार्गाची कल्पना त्या अभ्यासातली. वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009मध्ये खुला झाला तेव्हा तिचा एक तुकडा प्रत्यक्षात उतरला. पण पद्धत मोटारींच्या शहरातली आणि मुंबईकर तर लोकलने, बेस्टने आणि पायी जाणारा. पायी चालणं हा प्रवास आहे, तोही मोजायला हवा, हे पुढच्या पिढीच्या संशोधकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. दिल्लीत 1955 साली नगर व ग्राम नियोजनाची शाळा सुरू झाली होती, तीच आजची स्कूल ऑफ प्लॅनिंग. तिथे वाहतुकीला दुसरं घर मिळालं. इथले विद्यार्थी वास्तुकलेतून, भूगोलातून, अर्थशास्त्रातूनही येत, त्यामुळे जमीन आणि प्रवास यांचा संबंध त्यांना लवकर दिसला.

तिसरं घर आपल्या ओळखीचं आहे. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली. पुढच्या काही वर्षांत राज्याराज्यांत अशी महामंडळं झाली आणि एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. रस्ता आहे, गाड्या आहेत, आता हा पसारा चालवायचा कसा? 1967 साली पुण्यात सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्स्पोर्ट स्थापन झाली ती याच गरजेतून.

हे काम किती अवघड असतं ते मुक्कामी गाडीवरून कळतं. संध्याकाळी आगारातून सुटलेली गाडी शेवटच्या गावी मुक्काम करते आणि पहाटे शाळेची मुलं, बाजारची माणसं घेऊन तालुक्याला येते. त्या एका गाडीसाठी चालक-वाहकाच्या ड्युटीचे तास, विश्रांती, परतीची फेरी, गाडीची देखभाल आणि डिझेल यांची सांगड घालायची असते. भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या ते, पाहिलं तर ती फेरी तोट्यात दिसते. पण ती बंद केली तर त्या गावातली मुलगी कॉलेज सोडते, आणि ते भारमानाच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. हा खरं तर पीएच.डी.चा विषय आहे. व्यवस्थापन, गणित आणि समाजशास्त्र तिन्ही त्यात आलं. आगारातले वाहतूक नियंत्रक तो रोज अनुभवावर सोडवत आले. विद्यापीठांनी मात्र त्याकडे फारच थोडं पाहिलं.

रेल्वेने आपल्या संस्था स्वतंत्र ठेवल्या. रेल्वेच्या स्थापत्य अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी पुण्याची इरिसेन त्यातलीच, पण तिथे जाणारे रेल्वेचे अधिकारी.

भारतीय संशोधकांचं स्वतःचं म्हणावं असं काम झालं ते मिश्र वाहतुकीत. पाश्चात्त्य सूत्रं लेन धरून चालणाऱ्या मोटारींवर बेतलेली. आपल्या चौकात दुचाकी दोन बसच्या मधून पुढे सरकते, रिक्षा डावीकडून घुसते, हातगाडी कडेने चालते. ही सगळी वाहनं एका मापात आणण्यासाठी पीसीयू वापरतात, म्हणजे एक वाहन किती मोटारींएवढं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990च्या ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकी अर्धी, बस किंवा ट्रक तीन आणि बैलगाडी आठ! त्या आठाकडे दोन बाजूंनी पाहता येतं. रस्त्याच्या हिशोबात बैलगाडी म्हणजे आठ मोटारींचा अडथळा. उलट मुंबईच्या नीटी या औद्योगिक अभियांत्रिकीच्या संस्थेचे आणि नंतर बंगळुरूच्या आयआयएमचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी तीच बैलगाडी देशाचा माल वाहणारी व्यवस्था म्हणून अभ्यासली आणि ती सुधारावी म्हणून आयुष्याची कित्येक वर्षं दिली.

हे आकडे कसे येतात ते जवळून पाहिल्यावर या कामाबद्दल आदर वाटतो. आम्ही शिकत होतो तेव्हा हातात मोजणीचा फॉर्म असायचा. दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, बस, ट्रक, सायकल असे रकाने, पंधरा मिनिटांचे तुकडे, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. सिग्नल सुटला की दुचाकींच्या रकान्यात हात पुरत नसे. नंतर कॅमेरे आले. पहाटे रस्ता मोकळा असताना पन्नास-साठ मीटरच्या दोन टोकांना पांढऱ्या पट्ट्या मारायच्या, पादचारी पुलावर कॅमेरा लावायचा आणि मग कित्येक रात्री लॅपटॉपसमोर बसून एकेक फ्रेम थांबवत प्रत्येक वाहन पहिल्या पट्टीवर कधी आलं, दुसरीवर कधी, ते लिहायचं. एक तासाच्या चित्रणाला आठवडा सहज जायचा. आयआयटी रुरकीचे प्राध्यापक सतीश चंद्र यांनी वाहनाचा वेग आणि त्याने व्यापलेली जागा यांच्या गुणोत्तरांवरून पीसीयू काढायची पद्धत मांडली, तिच्यामागे अशीच मेहनत आहे. पुढे तेच सीआरआरआयचे संचालक झाले. अनेक आयआयटी आणि विद्यापीठांना बरोबर घेऊन सीआरआरआयने 2017मध्ये भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची, म्हणजे कुठल्या रस्त्यावरून तासाला किती वाहनं जाऊ शकतात याची, स्वतःची मार्गदर्शिका तयार केली. अमेरिकेची अशी पुस्तिका 1950ची आहे. म्हणजे मधली कित्येक वर्षं आपण परक्या आकड्यांना आपले रस्ते बसवत होतो.

दुसरी वाट सुरक्षेची. आयआयटी मुंबईत यंत्र अभियांत्रिकी शिकलेले दिनेश मोहन अमेरिकेतून परतून 1979मध्ये आयआयटी दिल्लीत आले. अपघात म्हणजे नशीब नव्हे, ती रस्त्याच्या आणि वाहनाच्या रचनेतली चूक असू शकते, हे त्यांनी आणि वास्तुकलेतून आलेल्या गीतम तिवारींनी तिथे चिकाटीने मांडलं. दोघांपैकी एकही मूळचा सिव्हिलचा नाही.

नोकऱ्यांची दारं उघडली ती 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने. वाहनं नव्हे, माणसं हलवायची, असं सरकारने पहिल्यांदा धोरणात लिहिलं. शहरांना सर्वंकष वाहतूक आराखडे करावे लागले आणि ते करणारी माणसं पुरेशी नाहीत हे लगेच दिसलं. आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास, वारंगळची एनआयटी आणि अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ इथे नागरी वाहतुकीची उत्कृष्टता केंद्रं झाली. 2011मध्ये वाहतूक संशोधकांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापली. 2019च्या मे महिन्यात वाहतूक संशोधनाची जागतिक परिषद मुंबईत भरली. वडोदऱ्याच्या रेल्वे व परिवहन संस्थेचं 2022मध्ये गतिशक्ती विश्वविद्यालय झालं, आणि वाहतूक हाच मुख्य विषय असलेलं केंद्रीय विद्यापीठ देशाला मिळालं.

आज एसटीच्या वाहकाच्या हातातल्या तिकीट यंत्रात तिकीट काढणारा प्रवासी कुठल्या टप्प्यावर चढला, कुठे उतरणार आणि किती वाजता, हे नोंदलं जातं. विल्बर स्मिथच्या काळात हीच माहिती मिळवायला घरोघर माणसं पाठवावी लागत. मुक्कामी गाडीतून तालुक्याच्या कॉलेजला जाणारी मुलगीही त्या यंत्रात आहे, रोज सकाळी, त्याच थांब्यावर.