गायकवाड (आडनाव) : व्यक्ती आणि व्यवसाय

गायकवाड हे महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक आणि मध्य प्रदेशातील मराठी भाषकांत सर्वत्र आढळणारे आडनाव आहे. मराठा, बौद्ध आणि इतर अनेक समाजांत, तसेच भटक्या-विमुक्तांतही ते लावले जाते. त्यामुळे दोन गायकवाडांचे कूळ, गाव किंवा जात एकच असेल असे केवळ आडनावावरून म्हणता येत नाही. बडोद्यात मात्र हे नाव घेतले की आधी राजघराणे आठवते, कारण १७३४ पासून १९४९ पर्यंत या शहरावर गायकवाडांची सत्ता होती आणि शहरातील राजवाडा, विद्यापीठ, ग्रंथालय, रुग्णालय व बाग यांचा इतिहास त्याच घराण्याशी बांधलेला आहे. साहजिकच बाहेरगावी गेलेल्या बडोदेकर गायकवाडाला ‘राजघराण्यातले का?’ असे हमखास विचारले जाते. कुलकर्णी, देशपांडे किंवा सुतार या आडनावांत पिढीजात पेशा उघड दिसतो, तसा तो गायकवाड या आडनावात दिसत नाही. या नावाच्या माणसांनी काय काम केले हे त्यांचा जन्म कोठे झाला, शिक्षणाची वाट त्यांना केव्हा मोकळी झाली आणि ती नसेल तर त्यांनी ती कशी मिळवली, यावर ठरत गेले. प्रस्तुत नोंदीचा विषय तोच आहे.

बडोद्याच्या घराण्याचा पहिला पेशा शिपाईगिरीचा. पुणे जिल्ह्यातील दावडीशी संबंध असलेल्या या घराण्यातील दमाजीराव (पहिले) आणि त्यांचे पुतणे पिलाजीराव हे सेनापती दाभाडे यांच्या हाताखाली पुढे आलेले सरदार होते. पिलाजीरावांनी सोनगडचा डोंगरी किल्ला ठाणे म्हणून निवडला आणि तेथून गुजरातेत चौथाई वसूल केली. १७३२ मध्ये डाकोर येथे त्यांचा खून झाला. त्यांचे पुत्र दमाजीराव (दुसरे) यांनी १७३४ मध्ये बडोदे घेतले आणि पुढे १७६१ मध्ये ते पानिपतावरही लढले. घराण्याला मिळालेले ‘सेनाखासखेल’ आणि ‘समशेर बहादूर’ हे किताब लष्करी चाकरीचेच आहेत. या मोहिमांबरोबर शिलेदार, पागेवरचे लोक, कारकून, पुरोहित आणि कारागीर गुजरातेत आले, आणि बडोद्यातील मराठी वस्तीचा पाया त्यांनी घातला. दांडिया बाजार व रावपुरा या भागांत मराठी अजूनही घराघरांत ऐकू येते.

तिसरे सयाजीराव (१८६३–१९३९) यांचे चरित्र या नोंदीत वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचे आहे. ते राजवाड्यात जन्मले नव्हते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील शेतकरी शाखेतला गोपाळराव हा मुलगा, तेव्हाचे महाराज मल्हारराव पदच्युत झाल्यानंतर खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतला, आणि बाराव्या वर्षी त्याचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. राज्य करणे हे त्यांच्यापुढे शिकून घ्यायचे काम म्हणून आले, आणि त्यांनी ते तसेच शिकून घेतले. १८८१ च्या अखेरीस पूर्ण अधिकार हाती आल्यावर त्यांनी १८९० मध्ये कलाभवन हे तंत्र व कला शिक्षणाचे विद्यालय स्थापन केले, १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते सर्व संस्थानाला लागू केले, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा उभी केली आणि गावोगावी ग्रंथालये काढली. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. ज्याला स्वतःला अक्षरओळख उशिरा झाली त्या माणसाने शाळेला राज्यकारभारात पहिले स्थान द्यावे, यात संगती आहे. त्यांच्या इतर सगळ्या कामांपेक्षा सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय अधिक दूरवर पोचला, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या घराण्यातील स्त्रियांच्या बाबतीत आडनाव लग्नाने येते आणि लग्नाने जाते, त्यामुळे त्यांचे काम सूचींमध्ये हरवते. देवासच्या घाटगे घराण्यातून आलेल्या महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) या १९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. बडोद्यातील स्त्री उद्योगालयाला त्यांचेच नाव आहे. उलट, त्यांची कन्या इंदिराराजे गायकवाड म्हणून जन्मल्या, पण पतीच्या निधनानंतर अल्पवयीन मुलाच्या वतीने कारभार पाहिला तो कुचबिहारचा. गायकवाडांच्या यादीत त्या क्वचितच सापडतात, आणि ही उणीव यादीची आहे.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९७१ मध्ये माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखेही बंद झाले. त्यानंतर घराण्यातील व्यक्तींना राज्यकर्ता या भूमिकेबाहेरचे व्यवसाय स्वीकारावे लागले. फत्तेसिंहराव (१९३०–१९८८) लोकसभेचे सदस्य झाले, गुजरात सरकारात मंत्री झाले, बडोदा संघाकडून रणजी सामने खेळले आणि १९६३ ते १९६६ या काळात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. क्रिकेटचे समालोचक म्हणूनही त्यांचा आवाज ओळखीचा होता. त्यांचे धाकटे बंधू रणजितसिंह (१९३८–२०१२) यांनी बडोद्याच्याच विद्यापीठात चित्रकलेचे शिक्षण घेतले, शास्त्रीय गायन केले आणि १९८० ते १९८९ या काळात लोकसभेत बडोद्याचे प्रतिनिधित्व केले. विश्वामित्रीजवळच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोस यांनी काढलेली भित्तिचित्रे आहेत. पूर्वी चित्रकारांना आश्रय देणाऱ्या घरातील पुरुषाने स्वतः कुंचला हाती घेणे हा बदल लहान नव्हता.

बडोद्याबाहेरच्या सामान्य वाचकाला हे आडनाव सर्वांत परिचित आहे ते क्रिकेटमुळे. दत्ताजीराव कृष्णराव गायकवाड (१९२८–२०२४) हे बडोद्याचे फलंदाज १९५२ ते १९६१ दरम्यान ११ कसोटी सामने खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने १९५७-५८ चा रणजी करंडक जिंकला आणि १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांच्याकडे भारताचे कर्णधारपद आले. त्याच दौऱ्याचे व्यवस्थापक फत्तेसिंहराव होते. म्हणजे संघाच्या मैदानातल्या आणि मैदानाबाहेरच्या दोन्ही जबाबदाऱ्या बडोद्याच्या दोन गायकवाडांकडे होत्या. भारत ती मालिका ५-० अशी हरला, आणि दत्ताजीरावांची कारकीर्द त्या एका निकालावरून मोजण्याचा अन्याय पुढे वारंवार झाला. रणजी स्पर्धेत १९५९-६० मध्ये महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी केलेल्या नाबाद २४९ धावाही त्यांच्याच खात्यावर आहेत. वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते निवर्तले तेव्हा ते भारताचे हयात असलेले सर्वांत ज्येष्ठ कसोटीपटू होते.

त्यांचे पुत्र अंशुमन (१९५२–२०२४) हे ४० कसोटी सामने खेळलेले सलामीचे फलंदाज. १९७६ च्या किंग्स्टन कसोटीत सबायना पार्कच्या उसळत्या खेळपट्टीवर, डोक्यावर शिरस्त्राण नसताना, ते वेस्ट इंडीजच्या तेज गोलंदाजांसमोर तासन्‌तास उभे राहिले. अंगावर अनेक चेंडू घेतले. ८१ धावांवर असताना मायकेल होल्डिंगचा चेंडू कानावर बसला आणि त्यांना मैदान सोडावे लागले. भारतीय फलंदाजीच्या इतिहासात शतकापेक्षा मोलाच्या मानल्या जाणाऱ्या खेळी फार थोड्या आहेत, त्यांत ही गणली पाहिजे. १९८३ मध्ये जालंधर येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ६७१ मिनिटे फलंदाजी करून २०१ धावा केल्या. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर होते आणि दोनदा भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले; फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीत अनिल कुंबळे यांनी एका डावात दहा बळी घेतले तेव्हा प्रशिक्षक तेच होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वडील आणि त्याच वर्षी ३१ जुलैला पुत्र, असे दोघेही एकाच वर्षात गेले.

क्रिकेटमधले सगळे गायकवाड बडोद्याचे मात्र नाहीत. नागपुरात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज हिरालाल गायकवाड इंदूरच्या होळकर संघाकडून खेळले आणि १९५२ मध्ये लखनौ येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांना एकमेव कसोटी मिळाली. दत्ताजीरावांचे कसोटी पदार्पणही त्याच वर्षीचे असल्याने जुन्या धावफलकांत या दोघांची गल्लत होण्यासारखी आहे. पुण्याचे ऋतुराज गायकवाड (जन्म १९९७) यांनी २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबाद येथे उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात, त्यातला एक नो-बॉल धरून, सात षटकार मारले. ती स्पर्धा विजय हजारे यांच्या नावाची होती, आणि हजारे हे बडोदा संघाचे आधारस्तंभ होते.

कवळाणे ज्या नाशिक जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना दादासाहेब गायकवाड म्हणून ओळखतो. कवळाण्याच्या मुलाला राज्य दत्तक मिळाले. आंबे गावच्या मुलाला, अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरात जन्मल्यामुळे, देवळाच्या पायरीसाठीही लढावे लागले. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची नाशिकमधील प्रत्यक्ष जुळवाजुळव, स्वयंसेवक गोळा करण्यापासून वर्षानुवर्षे चळवळ तगवून धरण्यापर्यंत, मुख्यतः त्यांनी केली. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अत्यंत विश्वासू सहकारी होते. पुढे रिपब्लिकन पक्षाच्या उभारणीत ते अग्रभागी होते, १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर आणि १९६२ मध्ये राज्यसभेवर गेले, आणि १९६४-६५ चा भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्यांचा व्यवसाय एका शब्दात सांगायचा तर संघटक असेच म्हणावे लागेल. बडोद्याच्या संदर्भात आंबेडकरांचे नाव आणखी एका कारणाने येते. आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली ती सयाजीराव गायकवाडांनी. परंतु १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आलेल्या आंबेडकरांना जातीमुळे राहायला घर मिळाले नाही आणि नोकरी सोडून परतावे लागले. कमाटी बागेतील संकल्पभूमी, म्हणजे अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प त्यांनी जिथे केला असे मानतात ती जागा, ही त्या दिवसाची खूण आहे. राजाने दार उघडले तरी शहराने ते लावून घेतले, ही वस्तुस्थिती बडोद्याच्या गौरवाबरोबरच नोंदवली पाहिजे.

लातूर जिल्ह्यातील धनेगावात उचल्या जमातीत जन्मलेले लक्ष्मण गायकवाड (जन्म १९५२) सूतगिरणीत कामगार होते. ब्रिटिश कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या समाजाचे जगणे त्यांनी आत्मकथनात मांडले, आणि त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये महाश्वेता देवी आणि बडोद्यात भाषा संशोधन केंद्र चालवणारे गणेश देवी यांच्यासह त्यांनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. लेखक, कामगार आणि कार्यकर्ता यांतली कोणती ओळख पहिली लिहावी, हा सूचीकारांपुढचा खरा प्रश्न त्यांच्याबाबत उभा राहतो.

बंगळूरमधील मराठी भाषक कुटुंबात १२ डिसेंबर १९५० रोजी जन्मलेले शिवाजीराव गायकवाड पोलीस शिपायाचे पुत्र. त्यांनी शहर बससेवेत कंडक्टरची नोकरी केली, मद्रासला अभिनयाचे शिक्षण घेतले आणि १९७५ पासून रजनीकांत या नावाने ते तमीळ चित्रपटांत आले. त्यांचे आडनाव चाहत्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांना २०१९ चा दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला. फाळके स्वतः तरुणपणी बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले होते. मुंबईच्या वर्षा गायकवाड यांनी महाविद्यालयात अध्यापन केल्यानंतर राजकारणात प्रवेश केला, २०१९ ते २०२२ या काळात त्या महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणमंत्री होत्या आणि २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या.

बडोद्यातील बहुसंख्य गायकवाड यांपैकी कोणत्याच वर्तुळातले नाहीत. संस्थानी नोकऱ्या संपल्यावर येथील मराठी कुटुंबांतली माणसे विद्यापीठ, रेल्वे आणि बँकेत, तसेच साठच्या दशकात शहराभोवती उभ्या राहिलेल्या तेलशुद्धीकरण व खत कारखान्यांत कामाला लागली, आणि गायकवाडही त्यांत होते. गुजरातेतील रीतीप्रमाणे कागदोपत्री आडनाव आधी लिहिले जात असल्याने कार्यालयीन याद्यांत एकाखाली एक अनेक गायकवाड येतात आणि माणूस ओळखायला स्वतःचे व वडिलांचे नाव पाहावे लागते. रोमन लिपीत बडोद्याकडचे आणि महाराष्ट्रातले लेखनही वेगळे पडते. अभ्यासकाने आद्याक्षरांवर विसंबू नये : बी. के. म्हणजे नाशिकचे दादासाहेब, डी. के. म्हणजे बडोद्याचे दत्ताजीराव. आणि राजघराण्यात सयाजीराव तीन, तर फत्तेसिंहरावही एकाहून अधिक होऊन गेले असल्याने नावापुढे सनावळी दिल्याशिवाय उल्लेख पुरा होत नाही.