सजग रंगभरण

सजग रंगभरण : तयार रेखाकृतीत, दुसरे कोणतेही काम मध्ये न आणता आणि हाताच्या हालचालीकडे व रंगाकडे लक्ष ठेवून, सावकाश रंग भरण्याचा परिपाठ. मनाची धावपळ थोडी ओसरावी आणि दिवसातला काही वेळ स्वतःसाठी राहावा, एवढाच त्याचा हेतू असतो. चित्र कसे झाले, हा प्रश्न त्यात दुय्यम मानला जातो. मराठीत ‘चित्र काढणे’ आणि ‘चित्र रंगवणे’ हे दोन वेगळे वाक्प्रयोग आहेत. प्रस्तुत नोंद दुसऱ्यापुरती मर्यादित आहे.

हा भेद कोल्हापुरात जरा काटेकोरपणे पाळला जातो. ‘कलापूर’ म्हणवणाऱ्या या शहरात आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी रंकाळा व पंचगंगा यांच्या परिसराची निसर्गचित्रे केली आणि बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले. त्यामुळे छापील रेषांमध्ये रंग भरण्याला चित्रकला म्हणण्यास येथील जुना चित्रकार सहजासहजी तयार होत नाही. त्याचे म्हणणे बरोबरच आहे. रचना, रेषा आणि प्रमाण ठरवणे हा चित्रकलेचा गाभा, आणि तोच रंगभरणात आधीच दुसऱ्या कोणी उरकलेला असतो. मात्र विसाव्याच्या दृष्टीने नेमकी हीच उणीव उपयोगी पडते.

मुलांसाठी रंगवण्याची पुस्तके अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघू लागली. प्रौढांसाठीची पुस्तके १९६० च्या दशकात तेथेच आली, पण ती नोकरशाही व राजकारण यांची टिंगल करण्यासाठी. त्यांचा मनःशांतीशी संबंध जोडला गेला तो बऱ्याच नंतर, आणि २०१५ च्या सुमारास अशा पुस्तकांची जगभर लाट आली. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९१६ पासून स्वतः वर्तुळाकार मंडले रेखाटली होती व मनाच्या अभ्यासात त्यांना स्थान दिले होते. आजच्या पुस्तकांत मंडलांचा जो भरणा दिसतो, त्यामागे हा धागा आहे. ‘सजगता’ या कल्पनेचे मूळ बौद्ध परंपरेतील ‘सती’ (संस्कृत ‘स्मृती’; अर्थात जागरूक लक्ष) या पाली संज्ञेत असून, १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी सुरू केलेल्या अभ्यासक्रमामुळे ती वैद्यकाच्या वर्तुळात रुजली.

या परिपाठाबद्दल जे प्रयोग झाले, त्यांत २००५ मधील एक प्रयोग वारंवार उद्धृत केला जातो. अमेरिकेतील ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी भीतीचा एखादा अनुभव लिहायला लावून त्यांची चिंता वाढवण्यात आली आणि मग काहींना मंडल, काहींना चौकटीचे नक्षीकाम व उरलेल्यांना कोरा कागद देऊन २० मिनिटे रंगवण्यास सांगण्यात आले. मंडल व चौकटी रंगवणाऱ्यांची चिंता उतरली; कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांची तशी उतरली नाही. २०१२ मध्ये झालेल्या पुनर्प्रयोगात मंडलाचा परिणाम चौकटींपेक्षाही अधिक दिसला. असे प्रयोग लहान गटांवर व थोड्या वेळापुरते असतात, तेव्हा त्यांच्या आधारे ‘रंगवा आणि चिंता विसरा’ अशी जाहिरात करणे अतिशयोक्तीचे ठरते. तरीही कोऱ्या कागदाचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. कोरा कागद समोर आला की काय काढावे, जमेल का, कोणी पाहिले तर, असे प्रश्न उभे राहतात. आखलेल्या पानावर एवढेच ठरवायचे असते की ही पाकळी पिवळी करावी की केशरी. निर्णय लहान आणि हाताची हालचाल तीच ती, त्यामुळे लक्ष गुंतून राहते. ते भरकटले, म्हणजे उद्याच्या हप्त्याची वा मुलाच्या परीक्षेची आठवण आली, तर पेन्सिलीचे टोक जिथे आहे तिथे ते परत आणायचे, हाच यातील सजगतेचा भाग.

कोल्हापुरातील घरांना हे तंत्र परके नाही. ठिपक्यांची रांगोळी घालताना आधी उदबत्तीने भोके पाडलेला कागद सडा टाकलेल्या अंगणात पसरतात, त्यावरून रांगोळी फिरवून ठिपके उमटवतात, ते जोडतात आणि मग अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून रंग सोडत एकेक घर भरतात. चिमूट सैल झाली की रंगाचा ढीग पडतो, फार घट्ट धरली की रेघ तुटते. म्हणून घालणारीचे सारे ध्यान त्या दोन बोटांत येते. मागून कोणी ‘काकू, चहा ठेवू का?’ असे विचारले तरी बहुधा उत्तर लगेच मिळत नाही. दुपारपर्यंत ती रांगोळी पायांखाली फिसकटते, आणि तिचे कोणाला फारसे वाईटही वाटत नाही.

साधनांत रंगीत पेन्सिली सर्वांत सोयीच्या. त्या हळूहळू गडद करता येतात, चूक पुसट राहते आणि टोक काढण्यासाठी मधूनमधून आपोआप थांबावे लागते. तैलखडू भराभर चालतात पण बारीक नक्षीत फासले जातात. स्केचपेन पातळ कागदातून मागे उतरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद सादळतो, त्यावर पेन्सिल धड उमटत नाही आणि जलरंग रेषेबाहेर पसरतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात पाने पत्र्याच्या पेटीत ठेवणे आणि जलरंगांना सुट्टी देणे बरे.

रंगवण्याचे प्रत्येक काम मात्र या व्याख्येत बसत नाही. गणेशोत्सवाच्या आधी शहरातील कुंभार गल्ल्यांत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून कुंचला फिरवतो, आणि ती एकाग्रता कोणत्याही मंडल रंगवणाऱ्यापेक्षा कमी नसते. पण त्याच्यापुढे चतुर्थीची मुदत असते, मूर्ती बिघडली तर नुकसान असते, रात्रीची जाग्रणे असतात. त्याला ‘ध्यान’ म्हणून गौरवणे हे बाहेरून पाहणाऱ्याचे कौतुक आहे. शाळेतल्या रंगभरण स्पर्धांचेही तसेच. ‘रेघेबाहेर जाऊ देऊ नको’ ही लहानपणीची ताकीद मोठेपणीही हातात राहते, आणि पान निर्दोष करण्याच्या हट्टाने बसणारा माणूस तासाभराने अधिकच ताणलेला उठतो. अशा वेळी पान अर्धवट सोडता येणे, किंवा मुद्दाम रेषेबाहेर एक फटकारा मारून पुढे जाणे, हा नियमभंग नव्हे.

सजग रंगभरण आणि कलोपचार यांत गल्लत करू नये. कलोपचारात प्रशिक्षित उपचारक असतो, रुग्णाशी बोलणे असते व उपचाराची दिशा ठरलेली असते. रंगभरण घरच्या घरी, कोणाच्याही देखरेखीविना होते. उदासी, झोप न लागणे किंवा जेवणावरची वासना उडणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर रंगपेटी हा त्यावरचा इलाज नाही आणि डॉक्टरांना दाखवणेच योग्य. शरीराच्या तक्रारी त्या मानाने किरकोळ असतात : जमिनीवर वाकून बसल्याने मान धरते, पेन्सिल दाबून धरल्याने अंगठा दुखतो. कागद पाटावर किंवा उतरत्या फळीवर ठेवून अर्ध्या तासाने उठले, तर त्या सहसा उद्भवत नाहीत.